हाली, कलदार आणि डॉलर

जळकोटच्या माणसाला परदेशी जायचे तर विमान बहुधा हैदराबादचे. मुंबई लांब, पुणेही काही जवळ नाही. उदगीर-बिदर करत रातोरात शमशाबाद गाठता येते. त्यामुळे डॉलर, दिरहम, बाट, जे लागेल त्याचे भाव लातूर-नांदेडला विचारायचे आणि घ्यायचे ते हैदराबादेत, असे इकडे बऱ्याच घरांत चालते. तालुक्याच्या गावी परकीय चलन काउंटरवर मिळत नाही. बँकेत विचारले तर साहेब जिल्ह्याच्या शाखेचा नंबर देतात, आणि तो नंबर बहुतेक वेळा जेवायला गेलेला असतो.

*

इकडच्या आजोबा-पणजोबांना चलन बदलायला विमानात बसावे लागत नव्हते. पंढरीची वारी पुरे होती.

जळकोट, उदगीर, कंधार, नांदेड, लातूर हा सगळा निजामाचा मुलूख. त्याचे नाणे वेगळे, हाली सिक्का, रुपयावर चारमिनार. पंढरपूर सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजी अमलात, तिथे कलदार. तुळजापूर निजामाकडेच असल्यामुळे भवानीला हाली चाले. विठोबाच्या गावात उतरायचे तर कलदार गाठीशी हवा. दोन्हींचा ठरलेला दर ७ हालीला ६ कलदार. हिशेबाच्या वहीत हाच दर १०० कलदारला ११६ रुपये १० आणे ८ पै असा पडतो. सात-सहाचा हिशेब बोटांवर करण्यासारखा होता, आण्या-पैंचा नव्हता, आणि सराफाची कमाई त्या आण्या-पैंतच असे. बट्टा किती कापला हे विचारणाराही विरळाच.

व्यापाऱ्यांना तर हे रोजचेच. बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरपर्यंत आली. लातूर निजामाचे, बार्शी इंग्रजांची. सकाळी गाडीत बसलेला माणूस उतरायच्या आत दुसऱ्या चलनात गेलेला असे. वाटेत करोडगिरीचा नाका, म्हणजे निजामाची जकात, ती वेगळीच.

२९ नोव्हेंबर १९४७ ला भारत सरकार आणि निजाम यांच्यात जैसे थे करार झाला. त्याच सुमारास निजाम सरकारने वटहुकूम काढून आपल्या राज्यात भारतीय चलनाचा अधिकृत दर्जा काढून घेतला. करार मोडल्याच्या दिल्लीच्या तक्रारींत हा वटहुकूमही होता. इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत येणारी ही गोष्ट सीमेवरच्या बाजारात किती घरांत चुली पेटू न देणारी ठरली असेल, याचा हिशेब कुणी मांडलेला माझ्या वाचनात नाही.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचे राज्य भारतात आल्यानंतरही हाली लगेच गेला नाही. १९५० पासून भारतीय रुपया त्याच्या बरोबरीने चालू लागला आणि १९५९ मध्ये हालीचा कायदेशीर दर्जा संपला. इतकी वर्षे एका खिशात दोन रुपये. जुन्या खरेदीखतांत ‘हाली’ की ‘कलदार’ ते स्पष्ट लिहिलेले असते, ते उगाच नव्हे.

*

हैदराबाद स्टेट बँक १९४१ मध्ये निघाली. उस्मानिया सिक्क्याचा, म्हणजे या हालीचाच, कारभार पाहणे हे तिच्या कामांतले एक. १९५६ मध्ये ती स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली, मराठवाड्यात गावोगाव ‘एसबीएच’ म्हणून रुळली आणि १ एप्रिल २०१७ ला भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. आजोबांच्या हालीचा कारभार जिने पाहिला तिच्याच पासबुकावर नातवाने पीककर्ज घेतले.

*

आता मुद्द्याचे.

मोंढ्यात सोयाबीन घेऊन गेलेला शेतकरी फळ्यावरचा भाव वाचतो, पण घरी येऊन सांगतो तो पट्टीवरचा आकडा. हमाली, तोलाई, ओलाव्यापोटी धरलेली घट, सगळे वजा होऊन हातात काय पडले ते पट्टीवर असते. परकीय चलनात एवढी एकच सवय पाळली तरी निम्मे काम होते. दुकानदाराला ‘डॉलरचा भाव काय’ विचारू नका. ‘हजार डॉलर माझ्या हातात पडायला खात्यातून एकूण किती रुपये जातील’ असे विचारा आणि तो आकडा व्हॉट्सअॅपवर लिहून मागवा. लिहून द्यायला जो कां-कूं करतो त्याला पुढे काही विचारायची गरज नाही.

*

गल्लीतले एक निवृत्त गुरुजी बायकोसह बँकॉक-पटायाला निघाले. पुतण्या मोबाइल घेऊन आला.

“काका, गूगलवर नव्वद दाखवायलंय अन् ह्यो एक्क्याण्णव वीस म्हणतोय. लुटायलाय की.”

“आणि दुसरा?”

“दुसऱ्याचा नव्वद पन्नास हाय. स्वस्त हाय.”

गुरुजींनी वही काढली. गूगलवरचा आकडा बँका आपसांत मोठ्या रकमांची देवघेव करतात त्या बाजाराचा मधला दर. तो गिऱ्हाइकाला कुठेच मिळत नाही, तेव्हा त्याच्यावरून भांडायचे नाही. पहिल्याचे हजार डॉलर ९१,२०० ला, वर दुसरे काही नाही, फक्त चलन बदलण्यावरचा जीएसटी १६४ रुपये. एकूण ९१,३६४. दुसऱ्याचे ९०,५०० ला, जीएसटी १६३. मग खाली बारीक अक्षरात ५०० रुपये सेवाशुल्क, ३०० रुपये घरपोच, आणि या ८०० वर पुन्हा १८ टक्के, म्हणजे १४४. बेरीज ९१,६०७.

“म्हंजे स्वस्तवालाच महाग?”

“दोनशे त्रेचाळीस रुपयांनी.”

रक्कम मोठी नाही. पण तिसरा दुकानदार आणि विमानतळावरची खिडकी याच वहीत मांडली की फरक हजारांत जातो. विमानतळावरचा भाव सर्वांत वाईट, हे जगात बहुतेक ठिकाणी खरे आहे. तिथे गिऱ्हाइकाला दुसरे दुकान नसते. उतरल्यावर टॅक्सी-पाण्यापुरते चलन घरूनच घेऊन निघावे.

(हे ९० वगैरे आकडे हिशेबाच्या सोयीसाठी. तुम्ही वाचाल त्या दिवशी दर वेगळा असेल, रीत तीच.)

*

तो जीएसटी कसा मोजतात ते बहुतेकांना ठाऊक नसते, म्हणून टिपून ठेवतो. १ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारात रकमेचा १ टक्का ही सेवेची किंमत धरतात, पण ती २५० रुपयांहून कमी धरत नाहीत. तिच्यावर १८ टक्के कर. म्हणजे लाखाला १८० रुपये आणि कितीही किरकोळ व्यवहार केला तरी किमान ४५ रुपये. लाखाच्या पुढे टक्का निम्म्यावर येतो. अर्थ एवढाच की पाच-पाच हजारांचे तुकडे करून चलन घेऊ नये. दर तुकड्याला ४५ रुपये जातात. जोडप्याचे एकदम घ्यावे.

*

रोखीने चलन घ्यायचे तर ५०,००० रुपयांपर्यंतच. पुढची रक्कम बँक खात्यातून जायला हवी. मोंढ्यातून पैसे उचलून पिशवीतून हैदराबादला नेणाऱ्यांना हे खिडकीवर गेल्यावर कळते. पॅन कार्ड, पासपोर्ट, तिकीट आणि व्हिसा यांच्या झेरॉक्स आधीच काढून ठेवाव्यात.

परदेशी नोटा बरोबर न्यायची मर्यादा एका प्रवासाला ३,००० डॉलर. वर लागतील ते कार्डावर. हज-उमराला जाणाऱ्यांना यात सवलत आहे, ते जास्त रोख नेऊ शकतात. आठवडाभराच्या सहलीला ३,००० डॉलरच्या नोटा खिशात बाळगणारा माणूस मात्र मला तरी शहाणा वाटत नाही.

*

शनिवार-रविवारी चलन घेऊ नका. बाजार बंद असतो, सोमवारी दर कुठे उघडेल ते दुकानदारालाही माहीत नसते, म्हणून तो स्वतःची बाजू सांभाळून भाव सांगतो. कामाच्या दिवशी दुपारी विचारलेला भाव बरा.

*

दुबईला निघालेल्यांना सांगितले तर खरे वाटत नाही: तिथे एके काळी आपलाच रुपया चाले. कुवेत, बहारीन, कतार, दुबई, सगळीकडे. सोन्याच्या चोरट्या व्यापारापायी रुपये बाहेर वाहू लागले, तेव्हा रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. त्यांच्या क्रमांकाआधी झेड हे अक्षर. हज यात्रेकरूंसाठीही १० आणि १०० च्या वेगळ्या नोटा निघाल्या, त्यांच्यावर एचए. आमच्याकडे हाली बंद झाला तेही १९५९ च. म्हणजे त्या वर्षी जळकोटकडचा एखादा हाजी घरी हाली मोजत असेल, मुंबईला रुपया आणि मक्केच्या वाटेवर हजची नोट. ६ जून १९६६ ला रुपयाचे अवमूल्यन झाले, डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला आणि दुबईनेही आपल्या रुपयाला रामराम केला.

*

दिरहम आणि सौदी रियाल यांचा डॉलरशी दर बांधलेला आहे. १ डॉलरला ३.६७२५ दिरहम, १९९७ पासून. १ डॉलरला ३.७५ रियाल, १९८६ पासून. याचा उपयोग असा: डॉलरचा भाव ३.६७ ने भागा, दिरहमचा खरा भाव निघतो. डॉलर ९० असेल तर दिरहम साडेचोवीस, रियाल २४. दुकानदार सव्वीस सांगू लागला तर नमस्कार करून उठावे.

हज कमिटी पूर्वी प्रत्येक यात्रेकरूला २,१०० रियाल सक्तीने देत असे, त्याचे पैसे आधीच कापून. २०२३ च्या हजपासून ती सक्ती गेली. आता ज्याने त्याने आपली सोय करायची. घरात कुणी जाणार असेल तर वरचा भागाकार त्यांना करून द्यावा, पुण्य लागेल.

*

बाटचे वेगळे आहे. आपल्याकडे बाट कमी खपतात, म्हणून दुकानदार विकायच्या आणि घ्यायच्या भावात मोठे अंतर ठेवतो. व्हिएतनामचा डोंग, इंडोनेशियाचा रुपिया यांचीही तीच कथा. अशा देशांत डॉलर न्यावेत आणि तिथल्या गावातल्या दुकानात बदलावेत. १०० ची नोट असेल तर बँकॉकमध्ये भाव जास्त मिळतो, २० आणि १० च्या नोटांना कमी. घडी पडलेली, पेनाने खूण केलेली, जुन्या छापाची नोट तिथे घेत नाहीत. आपल्याकडे घेताना नोट न नोट उजेडात धरून पाहा. दुकानदाराला राग येत नाही, आला तर येऊ द्या.

*

कार्डे.

साधे डेबिट किंवा क्रेडिट कार्ड परदेशात चालवले की बऱ्याच बँका साडेतीन टक्के अधिभार लावतात, त्यावर १८ टक्के कर, मिळून ४.१३ टक्के. ५०,००० रुपयांच्या खरेदीला २,०६५ रुपये गेले. हा अधिभार न लावणारी कार्डेही मिळतात. जायच्या दोन महिने आधी घेऊन ठेवावीत, कारण जळकोटच्या पत्त्यावर कुरिअर पोचायला त्याचा वेळ लागतो.

फॉरेक्स कार्डात ज्या दिवशी पैसे भरले त्या दिवशीचा भाव पक्का होतो. त्यात डॉलर भरून युरो खर्च केले तर मात्र पुन्हा बदलाचे पैसे कापतात. ज्या देशात जायचे तिथलेच चलन त्यात भरावे.

थायलंडच्या एटीएमवर परदेशी कार्डाला दर वेळी २२० बाट किंवा त्याहून जास्त लागतात. दोन हजार बाट काढले तर ११ टक्के तिथेच गेले. काढायचेच तर एकदम काढावे.

आणि सर्वांत गोड फसवणूक. परदेशातल्या दुकानात कार्ड लावले की यंत्र विचारते, रुपयांत देणार की इथल्या चलनात? रुपये पाहून आपल्या माणसाला बरे वाटते, आकडा ओळखीचा असतो. तिथे ‘इथल्या चलनात’ हेच दाबायचे. रुपये दाबले की दर ते दुकान आणि त्याची यंत्रवाली कंपनी ठरवते, तुमची बँक नाही. दुकानातली मुलगी हसून स्वतःच बटण दाबू पाहते. यंत्र आपल्या हातात मागून घ्यावे.

*

इकडची सर्वांत मोठी परदेश सहल अजूनही नेपाळचीच. काशी करायची, पुढे पशुपतिनाथ, जमले तर मुक्तिनाथ. गावातला एखादा म्होरक्या बस ठरवतो, स्वयंपाकी आणि गॅसच्या टाक्या बरोबर. नेपाळ आणि भूतानच्या प्रवासाला परकीय चलन मिळतच नाही, मागायला जाऊ नका. नेपाळी रुपयाचा दर १९९३ पासून बांधलेला: आपल्या १०० ला त्यांचे १६०. काठमांडूचा दुकानदार भाव सांगताना आयसी की एनसी ते विचारतो, म्हणजे आपले की त्यांचे. घोळ इथे होतो. आयसीत पैसे दिले की काही जण दीडपटीने हिशेब करतात. १,००० रुपयांमागे १०० नेपाळी, म्हणजे आपले साडेबासष्ट रुपये उडाले. बसमधली पन्नास माणसे रुद्राक्ष आणि स्वेटर घेतात, धरा हिशेब. सीमेवरच थोडे पैसे १०० ला १६० च्या दराने बदलून घ्यावेत आणि किरकोळ खरेदी एनसीतच करावी. सात-सहाचा बट्टा ओळखणाऱ्यांच्या नातवंडांना हे जड जायला नको.

*

नांदेडला उलटी गंगा. हुजूर साहिबच्या दर्शनाला ब्रिटन, कॅनडाहून शीख भाविक येतात, ते पौंड आणि कॅनडाचे डॉलर मोडतात. लेकीच्या बाळंतपणाला टोरांटोकडे निघालेल्या आईबापांनी हैदराबादच्या आधी नांदेडला विचारून पाहायला हरकत नाही. दुकानदाराकडे ज्या चलनाचा साठा पडून असतो त्यात तो घासाघीस ऐकून घेतो.

*

सहल कंपनीची जाहिरात वाचताना एक जागा नीट पाहावी. किंमत ‘इतके रुपये अधिक इतके डॉलर’ अशी असते. डॉलरचा तो भाग तुम्ही पैसे भराल त्या दिवशीच्या दराने, आणि दर कंपनी सांगेल तो. तिथेही गुरुजींची वही काढावी.

टीसीएसची, म्हणजे पैसे भरतानाच आगाऊ कापल्या जाणाऱ्या कराची, भीती काही लोक फार घेतात. १ एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत स्वतःच्या प्रवासासाठी घेतलेल्या चलनावर तो लागत नाही. तयार सहल पॅकेजवर मात्र वेगळा नियम आहे, त्याचा दर भरायच्या दिवशी विचारून घ्यावा. कापला तरी तो तुमच्या पॅनवर जमा असतो, आयकरात वळता होतो. आपल्याकडची अडचण वेगळीच. शेतीचे उत्पन्न, आयकर लागत नाही, म्हणून विवरणपत्र भरायची सवय नाही. भरले नाही तर परतावा नाही. सहलीहून आल्यावर फोटोंचे अल्बम करण्याआधी हे काम उरकावे.

*

रुपया सुधारेल म्हणून थांबणारे भेटतात. १९६६ ला साडेसात, १९९१ च्या जुलैत दोन हिसक्यांत पंचवीसच्या पलीकडे, नंतरचे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. मधूनमधून चार-सहा महिने रुपया वर येतो, नाही असे नाही. पण सहल मे महिन्यातली आणि वाट डॉलर उतरायची, याला नियोजन म्हणत नाहीत. तिकीट काढले की निम्मे चलन घ्यावे, उरलेले निघायच्या आठवड्यात. मग भाव कुठेही गेला तरी झोप लागते.

साठच्या दशकात परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलाच्या हातात सरकार आठ डॉलर ठेवत असे. आज एका वर्षात माणशी अडीच लाख डॉलरची मुभा आहे. जळकोटात ती पुरी वापरणारा कुणी असेल असे वाटत नाही, पण मुभा आहे.

*

परत आल्यावर. २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा पुढच्या प्रवासासाठी घरी ठेवता येतात. त्याहून जास्त असतील तर १८० दिवसांत बँकेला किंवा चलन दुकानाला परत विकायच्या. विकताना पावती घ्या आणि घेतानाची पावतीही जपून ठेवा. त्याच दुकानात गेलात तर ती दाखवून भाव थोडा वाढवून मागता येतो. फॉरेक्स कार्डात उरलेले पैसे तसेच पडू देऊ नका, काही कार्डांना पडून राहिल्याचेही पैसे लागतात. नाणी कितीही बाळगा, कायद्याची आडकाठी नाही. फक्त ती लातूरला, नांदेडला किंवा हैदराबादला कुणी बदलून देत नाही. परतीच्या विमानतळावर त्यांचा चहा प्या.